पायाशी पडायचा उजेड

३० जानेवारी

आईला किरणोत्सव, म्हणजे मावळतीचं ऊन देवळात थेट देवीपर्यंत पोचतं तो सोहळा, बघायचा होता. कोल्हापूर तिचं माहेर. लग्नाआधीची बावीस वर्षं तिनं अंबाबाईच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर काढली, पण किरणोत्सव एकदाही धड पाहिला नाही. का, तर "गावात असलं की कोण जातंय!" आता सत्तरीत आठवण झाली. मी आठवडाभराची रजा टाकली आणि दुपारी तीनला आम्ही दोघींनी पुणं सोडलं.

गाडी माझीच, अकरा वर्षांची. तिची एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. गेल्या पावसाळ्यात रिक्षा चुकवताना डावा हेडलाइट खांबावर गेला. उजवाही उन्हानं पिवळा पडलेला. नव्या जोडीची किंमत ऐकून मी फोन ठेवला आणि ऑनलाइन एका विक्रेत्याकडून निम्म्या पैशात जोडी मागवली. 'अस्सल माल, आखाती देशातल्या गाडीचा, न वापरलेला' असं वर्णन होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला, आणि घोळ नेमका त्यातच होता.

खंबाटकी, सातारा, कराड. सहापदरीकरणाच्या कामामुळे रस्ता सारखा सेवारस्त्यावर उतरवतो आणि परत वर घेतो. कराडच्या पुढं अंधार पडला. पुण्यात रात्री गाडी काढली तरी डोक्यावर रस्त्याचे दिवे असतात, त्यामुळे फक्त या हेडलाइटच्या भरवशावर मी पहिल्यांदाच चालवत होते. दुभाजकातली कण्हेर अशी लख्ख दिसत होती की पानं मोजावीत. "दिवे झकास निघाले," मी आईला म्हटलं. डावीकडं पांढरी पट्टी होती आणि पट्टीपलीकडं काहीच नव्हतं, हे डोळ्यांसमोर असूनही डोक्यात शिरलं नाही. किणीचा टोलनाका मागं पडला, तावडे हॉटेलपाशी आत वळलो आणि साडेआठला रंकाळ्याजवळ मामाच्या दारात उभ्या राहिलो.

३१ जानेवारी

मामा एसटीत ड्रायव्हर होता. नोकरीतला मोठा काळ कोल्हापूर–पणजी मार्गावर गेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुसऱ्याच्या गाडीत बसला की उजवा पाय फळीवर ब्रेक शोधत असतो. मामी म्हणते, "झोपेत बी दाबत्यात."

सकाळी मिसळ, दुपारी झोप, आणि चारलाच देवळात. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत शिरतं. देवी पश्चिमेकडं तोंड करून उभी. पहिल्या दिवशी किरणं चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मावळतीची जागा रोज थोडी सरकते, तेवढ्यावर हा सगळा हिशेब बसवलेला. ज्यांनी बसवला त्यांच्या हाती काय साधनं होती कोण जाणे. आणि आपल्या काळात महाद्वार रोडवरच्या इमारतींचे नि पत्र्यांचे अडथळे मोजून काढायची वेळ आली.

गर्दीतली माणसं कुस्तीचा निकाल सांगावा तशी बातमी पुढं ढकलत होती. गरुड मंडपात आलं. कासव चौकात आलं. पितळी उंबऱ्यावर आलं. आम्हाला आतलं काही दिसत नव्हतं, पडद्यावर बघत होतो. सोनेरी पट्टा फरशीवरून पुढं आला, पावलांशी टेकला आणि दोनेक मिनिटांत विझला. आई हात जोडून म्हणाली, "पायाशी आलं बाई. बास." मामा म्हणाला, "तोंडावर परवा. आज पायाशीच पडायचं असतंय."

हे वाक्य दोन दिवसांनी भलत्याच ठिकाणी परत भेटलं.

१ फेब्रुवारी

गगनबावडा. कोल्हापूरपासून साधारण पंचावन्न किलोमीटर. फुलेवाडी सोडली, बालिंग्याच्या पुलावरून भोगावती ओलांडली, आणि दोन्ही बाजूंनी ऊस. काही फड तोडलेले, काही उभे. कुडित्र्याच्या कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्या आवाजात गाणी. आमच्या पुढच्या ट्रॉलीतून एक ऊस ओघळला, तो मामानं मला गाडी थांबवून उचलायला लावला. "लक्ष्मी हाय. आणि गोड बी."

पळसंब्याची एकसंध दगडातली देवळं बघितली. ओढा, गार सावली, कुणी नाही. अशा जागी आपण काही बोललो तर आगाऊपणा वाटतो. नंतर गगनगडावर मठात गेलो. तिथून करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांच्या बाजूला कोकण खोल धुक्यात बुडालेलं दिसत होतं. आई पायऱ्यांवर बसून राहिली, म्हणून निघायला उशीर झाला. सात वाजून गेले होते.

हा रस्ता दुपदरी, मधे दुभाजक नाही. साळवणच्या अलीकडं समोरून पहिली मोटरसायकल आली आणि तिनं डिपर मारला, म्हणजे दिवा वर-खाली चमकवून खुणावलं. मी म्हटलं, असेल. मग एका वडाप जीपनं मारला. मग ट्रकनं मारला, आणि तेवढ्यावर न थांबता आमच्याजवळून जाईपर्यंत अप्पर, म्हणजे वरचा लांब झोत, तसाच लावून ठेवला. माझ्या डोळ्यांपुढं हिरवे-जांभळे गोळे.

"तू अप्परवर चाललीस काय गं?"

"नाही मामा. अप्परचा निळा दिवा बंद आहे, बघ."

"मग समोरची माणसं शिव्या का घालायलीत?"

डॅशबोर्डवर दिव्यांची उंची कमी-जास्त करायचं चाक असतं, शून्य ते तीन आकड्यांचं. डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, म्हणून दिवे खाली घेण्यासाठी. मी ते तीनवर आणलं. उजेड पायाशी गोळा झाला, रस्ता आखूड झाला, आणि तरी पुढच्या एसटीनं डिपर मारलाच. मामाला ते लागलं. आपल्या खात्याच्या गाडीनं आपल्याला डिपर मारावा!

मग तो बोलायचा थांबला आणि पुढं बघायला लागला. वीस एक मिनिटांनी म्हणाला, "ती पाटी बघ. उजवीकडची."

उजव्या कडेला वळणाची पाटी होती. म्हणजे तिची पाठ. पाटी समोरून येणाऱ्यांसाठी, आमच्याकडं नुसता पत्रा आणि दोन बोल्ट. ते बोल्ट लख्ख दिसत होते. उजवीकडच्या बाभळीच्या फांद्या दिसत होत्या, उजवीकडच्या घराच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात वाचता येत होती.

"आता डावीकडचं वाच."

डावीकडं काही नव्हतं. डांबर जिथं संपत होतं तिथंच जग संपत होतं.

कळ्याच्या अलीकडं समोरून एक गाडी येत होती, तिनं नेहमीप्रमाणे अप्पर मारला, माझे डोळे दिपले, आणि मामाचा पाय आणि आवाज एकदमच फळीवर आदळले. मी ब्रेक दाबला. आमच्यापुढं तीन-चार हातांवर उसाची ट्रॉली उभी होती. चाक पंक्चर. मागं रेडियमची पट्टी होती, पण धुळीनं माखलेली, आणि ट्रॉलीच्या मागं रस्त्यावर चार दगड मांडलेले. बाजूला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मोबाइलची बॅटरी हलवत होता. तो पांढऱ्या शर्टात होता. पांढरा शर्ट, हातात उजेड, आणि तरी मला तो दिसला नव्हता.

मामा खाली उतरला, पोराशी बोलला, आमच्या गाडीतला लाल त्रिकोण काढून मागं लांब ठेवून आला. परत बसल्यावर बराच वेळ गप्प. फुलेवाडीला गावातले दिवे सुरू झाल्यावर म्हणाला, "समोरून उजेड आला की त्याच्याकडं बघायचं न्हाई. डाव्या कडंला बघायचं, कडंला धरून चालायचं. ट्रेनिंगला आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलेलं. पण तुझ्या गाडीला डावी कडच न्हाई."

२ फेब्रुवारी

सकाळी नऊला उद्यमनगर. लेथ, वेल्डिंगच्या ठिणग्या, कास्टिंगची पोती, चहाच्या किटल्या. इंजिनाचा कुठलाही भाग इथं एक तर दुरुस्त होतो किंवा नवा घडवला जातो. मामाच्या ओळखीचे एक मिस्त्री फक्त गाड्यांचं वायरिंग आणि दिवे बघतात. मामानं 'लायटी खाली घ्या' एवढंच सांगितलं असतं तर त्यांनी स्क्रू पिळून आम्हाला वाटेला लावलं असतं. पण मामानं कालच्या पाटीच्या पाठीचं सांगितलं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला, गाडीपुढं उकिडवे बसले, काचेचा खालचा कोपरा फडक्यानं पुसला आणि विचारलं, "ताई, बाण कुठाय?"

काचेवर बारीक नक्षीसारखी अक्षरं असतात. मी आयुष्यात कधी वाचली नव्हती. एका वर्तुळात इंग्रजी ई आणि आकडा. आकडा म्हणजे त्या दिव्याला मंजुरी देणारा देश: १ जर्मनी, ११ ब्रिटन, ४३ जपान. या खुणेजवळ आडवा बाण असला, आणि दिव्याकडं तोंड करून उभं राहिल्यावर तो आपल्या उजव्या हाताला टोक करून असला, तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या देशांचा. दुतोंडी बाण म्हणजे दोन्हीकडं चालवता येणारा. आणि बाणच नसला तर उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. जगात बहुसंख्य देश उजवीकडून चालतात, म्हणून त्यांना खुणेची गरज नाही. खूण आपल्यासारख्यांना. ही रीत काही नवीन नाही म्हणा.

माझ्या काचेवर बाण नव्हता.

"दुबईकडचा माल," मिस्त्री म्हणाले. "दिवा बेस्ट हाय. रस्ता चुकलाय."

मग त्यांनी फळीवरून एक एच-फोर बल्ब काढला आणि शिकवणी घेतली. बल्बच्या आत दोन तारा. एक अप्परची, एक डिपरची, म्हणजे खालच्या झोताची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. या वाटीमुळे डिपरचा उजेड परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात पडतच नाही, फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. म्हणून डिपर खाली बघतो. "आता वाटीची कड बघा." मी बल्ब डोळ्याजवळ धरला. वाटीची एक कड सरळ होती, दुसरी किंचित उतरती. पंधरा अंशांची उतरण. त्या उतरणीमुळे एका बाजूचा थोडा जास्त उजेड सुटतो आणि समोर भिंतीवर बघितलं तर उजेडाची वरची रेघ एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला वर चढत गेलेली दिसते. चढणारी बाजू रस्त्याच्या कडेची: पायी चालणारा, सायकलवाला, मैलाचा दगड, उभी ट्रॉली. सपाट बाजू समोरून येणाऱ्याची, त्याच्या डोळ्यांच्या खाली राहणारी. आपल्याकडं चढ डावीकडं, दुबईत उजवीकडं. बस, एवढाच फरक. अप्परला हा भेदभाव नसतो, तो सगळ्यांना सारखाच दिपवतो.

हा तिरका डिपर फार जुनाही नाही. युरोपात तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधीचे डिपर दोन्ही अंगांना सारखेच खाली पडायचे. समोरच्याला त्रास नाही, पण कडेचा माणूसही दिसत नाही.

"मग बल्ब थोडा फिरवून बसवला तर?" मी विचारलं. शहाणपणा दाखवायची खोड.

मिस्त्री खूश झाले. काही जुन्या दिव्यांत तशी सोय असायची म्हणाले, बल्बची बैठक फिरवली की चढ या अंगाचा त्या अंगाला. जुन्या दिव्यांच्या काचेला रेघा असत आणि उजेड कुठं न्यायचा ते त्या रेघा ठरवत. आता काच कोरी, प्लॅस्टिकची. आतल्या परावर्तकाचे पैलूच एका बाजूसाठी घडवलेले. बल्ब फिरवून उपयोग नाही. भिंगाच्या प्रोजेक्टर दिव्यात तर आत पत्र्याची पट्टीच पायरीसारखी कापलेली असते, आणि भिंग चित्र उलटं करतं म्हणून ती पट्टी उलटी बसवलेली. "त्यात हात घालायचा न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"आणि डावा उजवीकडं, उजवा डावीकडं बसवला तर?"

यावर मामासकट सगळे हसले. दोन्ही दिवे एकाच अंगाला झुकतात, ताई. बैल दोन, वाट एक.

नवी जोडी पुण्याहून मागवायची ठरली. परवा सकाळी येणार. तोवर रात्री गाडी काढायची नाही, आणि काढलीच तर एक तात्पुरती युक्ती आहे, ती अंधार पडल्यावर दाखवतो म्हणाले.

संध्याकाळी आम्ही परत देवळात. तिसरा दिवस. ऊन पावलांवरून चढत चढत वर गेलं आणि देवीचा चेहरा क्षणभर उजळला. आईच्या डोळ्यांना पाणी. माझ्या डोक्यात, क्षमा असावी, पंधरा अंश.

रात्री आठला मामाच्या गल्लीतली तालमीची भिंत. नुकताच चुना दिलेला, लांबरुंद. मिस्त्री त्यांच्या पोराला घेऊन आले, टेपनं भिंतीपासून दहा मीटर मोजले, गाडी सरळ उभी केली, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारली. डिपरची सपाट कड या रेघेच्या दहाएक सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिव्याच्या प्लॅस्टिकवर एक टक्का असं छापलेलं असतं त्याचा अर्थ हाच: दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार. तालमीतून पाच-सात पैलवान लंगोटावर टॉवेल गुंडाळून बघायला बाहेर आले.

दिवे लावले. भिंतीवर डावीकडं सपाट रेघ, आणि मधून उजवीकडं वर चढत गेलेली. चढाच्या टोकाशी एक पैलवान उभा होता. तो डोळ्यांवर हात घेऊन ओरडला, "ओ, तोंडावर!"

मिस्त्री म्हणाले, "बघा. पायाशी पडायचं ऊन तोंडावर पडालंय. समोरच्याचा रोज किरणोत्सव!"

गल्ली हसली. मामाला हे इतकं आवडलं की पुढचे तीन दिवस भेटेल त्याला त्यानं ते स्वतःचं म्हणून ऐकवलं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, हेच कोरड्या भाषेत आहे. दिव्याच्या पुढं आठ मीटरवर, उजव्या अंगाला अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्या माणसाला दिपवता कामा नये. मला तो माणूस फार आवडला. वर्षानुवर्षं अंधारात त्याच एका ठिकाणी उभा, सगळ्या देशाच्या गाड्या त्याच्या अंगावर येणाऱ्या. उजव्या अंगाला, हे महत्त्वाचं. दुसऱ्या देशात तो डाव्या अंगाला उभा असता.

मग युक्ती. मिस्त्रींच्या पोरानं काचेसमोर तळहात धरला आणि हळूहळू सरकवत नेला. मी भिंतीपाशी उभी राहून ओरडायची, "चढ आहे... आहे... गेला!" तळहात ज्या ठिकाणी आल्यावर उजवीकडचा चढ नाहीसा झाला, तेवढ्या जागेवर काळी टेप. दुसऱ्या दिव्याला पुन्हा तेच. कोऱ्या काचेत चढाचा उजेड नेमका कुठून निघतो ते बघून कळत नाही, असंच चाचपडत शोधावं लागतं. शेवटी भिंतीवर दोन्हीकडं सपाट रेघ. समोरच्याचा त्रास मिटला. डावी कड मात्र अजून अंधारातच, कारण टेप उजेड खाते, देत नाही.

मामाला जुनं आठवलं. पूर्वी ट्रक-गाड्यांच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवायचे, काहीजण मधोमध काळा टिळा लावायचे. "आम्ही आपलं नजर लागू नये म्हणून लावत्यात म्हणायचो पॅसेंजरला."

३ फेब्रुवारी

दिवसाउजेडी पन्हाळा. अंबरखाना, सज्जाकोठी, झुणका-भाकर, परत. तीन तासांत उरकलं.

संध्याकाळी इंग्लंडहून दादाचा फोन. मी मोठ्या उत्साहानं टेपचा शोध सांगितला तर तो म्हणाला, अगं, इथं त्याचे स्टिकर मिळतात. इंग्लंडच्या गाडीनं फ्रान्सला जायचं तर बोटीत चढण्याआधी हेडलाइटवर स्टिकर लावायचे, परत आलं की काढायचे. बऱ्याच नव्या गाड्यांत तर मेनूत जाऊन 'परदेश प्रवास' निवडलं की डिपर सपाट होतो. त्याचं सगळं असंच असतं, माझ्याआधी आणि सोपं.

आपल्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण जमिनीवरून लागून असलेले आपले बहुतेक शेजारी आपल्यासारखेच डावीकडून चालतात: पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश. बाजू बदलते ती चीन आणि म्यानमारच्या हद्दीवर. म्यानमारनं १९७० मध्ये उजवी बाजू धरली. गंमत गोव्याची आहे. पोर्तुगालनं १९२८ मध्ये डावी सोडून उजवी धरली, पण गोवा डावीकडंच राहिला, कारण जमिनीच्या बाजूनं सगळीकडं ब्रिटिश हद्द आणि तिथं सगळं डावीकडून. हे मी मामाला सांगितलं तर तो थक्क झाला. "म्हणजे पोर्तुगीजांनी हट्ट केला असता तर आमची पणजी गाडी हद्दीवर आडवी गेली असती." मग म्हणाला, नवीन नोकरीला लागला तेव्हा गोऱ्या हिप्पींच्या गाड्या गोव्याकडं जाताना भेटायच्या, स्टिअरिंग डावीकडं, आणि घाटात त्यांच्या दिव्यांनी जीव नको व्हायचा. "आम्ही म्हणायचो, प्यालेत. प्यालेले असायचेच म्हणा."

रात्री फोनवर वाचत बसले. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडं नेली. बारा वर्षांपूर्वी, १९५५ च्या जनमतात, ८३ टक्के लोकांनी नको म्हटलं होतं, तरी नेली. आणि घाई करण्यामागच्या कारणांत एक कारण चक्क हेडलाइटचं होतं! तेव्हा तिथल्या बहुतेक गाड्यांना एकाच मापाचे, गोल, स्वस्त दिवे असत. काढले आणि नवे बसवले. पण युरोपात इतरत्र प्रत्येक गाडीला तिच्या आकाराचे महागडे दिवे यायला लागले होते. आणखी थांबलं तर सगळ्या देशाचे दिवे बदलायचा खर्च परवडणार नाही, हे त्यांना दिसलं. दिव्याच्या नव्या जोडीची किंमत ऐकून फोन ठेवणारी मी, मला स्वीडन सरकारचं म्हणणं पुरेपूर पटलं. सामोआनं २००९ मध्ये उलटी उडी मारली, उजवीकडून डावीकडं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळाव्यात म्हणून.

विक्रेत्याला मेसेज केला होता. उत्तर आलं: 'मॅडम, लाइट वर्किंग आहे ना?'

४ फेब्रुवारी

जोडी सकाळी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आली. पूर्ण किंमत मोजली, त्यावर आईचं भाष्य ऐकलं. मिस्त्रींनी खोका उघडल्यावर पहिल्यांदा काच माझ्यापुढं धरली. कोपऱ्यात, केसाएवढ्या रेघेचा, बाण होता. मी त्याचा फोटो काढला. पन्हाळ्याचेही मी एवढे फोटो काढले नव्हते.

दिवे बसले, पण रात्रीपर्यंत भिंत निरुपयोगी, म्हणून दुपारी राधानगरीला गेलो. हळदी, भोगावती कारखाना, मग डोंगर जवळ यायला लागतात. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण, त्याचे स्वयंचलित दरवाजे. पाणी चढलं की ते आपल्या आपण उघडतात, माणूस लागत नाही. आता फेब्रुवारीत सगळं शांत. मामानं दरवाज्यांचं तंत्र मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा वेगळं समजावलं.

परतताना मुद्दाम अंधार पडू दिला. निघण्याआधी एका देवळाच्या भिंतीसमोर गाडी उभी करून बघितलं: उजवीकडं सपाट, डावीकडं चढ.

रस्ता वेगळाच होता. रुंद झाल्यासारखा. डावीकडं मैलाचे दगड, उसाच्या बांधाचं गवत, डब्यांना पोती गुंडाळून सायकलवरून चाललेला दूधवाला, ओळीनं घरी निघालेल्या ऊसतोडणीच्या बायका, डोक्यावर वाढ्यांचे भारे. काल-परवा याच सगळ्यांच्या शेजारून मी गेले असणार. उजवीकडच्या पाट्यांच्या पाठी अंधारात गेल्या. समोरून ट्रक आला, त्यानं अप्परचा डिपर केला, मीही केला, दोघं गेलो. मग एसटी आली. मामा पुढं वाकला. एसटीनं काही केलं नाही, नुसती गेली. मामा मागं टेकला.

परित्याजवळ एक ट्रॉली कडेला उभी होती. शंभर पावलांवरूनच तिची उसाची शेंडी दिसली. मी वेग कमी केला. मामाच्या पायाकडं बघितलं तर तो हललाच नव्हता. त्यानं ते ओळखलं आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "पाय आखडलाय आज."

गंगावेशीला थांबून धारोष्ण दूध प्यायलो.

५ फेब्रुवारी

निघताना उद्यमनगरात पाच मिनिटं. दुबईची जोडी मिस्त्रींनी पुठ्ठ्यात बांधून ठेवली होती. मी म्हटलं, इथंच राहू द्या, पुण्याला नेऊन काय करू. विक्रेता परत घेत नाही, आणि फेकवत नाहीत इतके चांगले दिवे आहेत.

"राहू देत," मिस्त्री म्हणाले. "पण माझं पोरगं उद्या कुणाच्या तरी गाडीला बसवंल. त्यावर लिवून ठेवा."

त्यांनी मार्कर दिला. मी काचेवर काय लिहावं याचा विचार करत राहिले: उजव्या वाहतुकीसाठी, भारतात वापरू नये, असलं काहीतरी. मामानं मार्कर माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही काचांवर, ज्या कोपऱ्यात बाण असायला हवा होता तिथं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आपला न्हवं.'